बेरजेची दोन सरकारं

मार्च १९७७ मध्ये रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या. उत्तर प्रदेश आणि बिहार या दोन राज्यांत मिळून काँग्रेसच्या हाती लोकसभेची एकही जागा लागली नाही. महाराष्ट्रात १९७१ साली ४५ पैकी ४२ जागा घेणारा हा पक्ष ४८ पैकी २० वर आला. एवढ्या पडझडीत तापीकाठचा, आदिवासींसाठी राखीव असलेला नंदुरबार मतदारसंघ जागचा हलला नाही. तिथून काँग्रेसचे सुरूपसिंग नाईक निवडून आले आणि दिल्लीत विरोधी बाकांवर जाऊन बसले.

नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग होता. मंत्रालय तर दूरच, धडगावच्या माणसाला जिल्हा कचेरीत एक अर्ज द्यायचा तरी सातपुडा उतरून, तापी ओलांडून धुळं गाठावं लागे. पुढच्या तीन वर्षांत मुंबईत इतक्या वेळा शपथविधी झाले की डोंगरातल्या माणसाला मुख्यमंत्र्याचं नाव कळेपर्यंत ते बदललेलं असावं. मे १९७७ ते जून १९८० या काळात राज्याने वसंतदादा पाटील दोनदा, शरद पवार एकदा, मग राष्ट्रपती राजवट आणि शेवटी बॅरिस्टर अंतुले इतकं पाहिलं. यांपैकी मधली दोन सरकारं आघाडीची होती. महाराष्ट्राला आघाडी सरकारचा तो पहिलाच अनुभव. ‘आघाडी म्हटली की बिघाडी ठरलेलीच’ हे जे आपण पारावर आणि चॅनेलवर ऐकतो, त्याचा उगम बराचसा या दोन सरकारांत आहे. पण ती दोन्ही सरकारं एकाच कारणाने गेली नाहीत. एक आतून पोखरलं गेलं, दुसरं वरून घालवलं गेलं. हा फरक पुसला की त्या काळातून काढलेला प्रत्येक धडा चुकतो.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. एक इंदिरा काँग्रेस, दुसरी ब्रह्मानंद रेड्डी यांच्या नावाने ओळखली जाणारी रेड्डी काँग्रेस. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, शरद पवार अशी महाराष्ट्रातली बहुतेक बडी मंडळी रेड्डी काँग्रेसमध्ये राहिली. इंदिरा काँग्रेसची धुरा भंडाऱ्याच्या नासिकराव तिरपुड्यांकडे आली. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक. कालपर्यंत एका व्यासपीठावर बसलेली माणसं गावोगाव एकमेकांचे वाभाडे काढत फिरली. साखर कारखाने, जिल्हा बँका, पंचायत समित्या असं सगळं जाळं एका काँग्रेसकडे आणि इंदिराबाईंचं नाव दुसरीकडे, अशी ती लढत होती. विदर्भात नावाने जाळ्यावर मात केली.

निकाल लागला तेव्हा २८८ जणांच्या सभागृहात जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२, शेतकरी कामगार पक्ष १३, मार्क्सवादी कम्युनिस्ट ९, आणि उरलेले अपक्ष व लहान गट. बहुमताला १४५ हवेत. जनता पक्ष सर्वांत मोठा खरा, पण ४६ ने कमी. दोन्ही काँग्रेसची बेरीज १३१, म्हणजे १४ ने कमी, आणि अपक्ष तर हाताशी होतेच. यशवंतरावांचा ‘बेरजेचं राजकारण’ हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसलेला होता. त्यांचा अर्थ माणसं जोडण्याचा असेल, मार्च १९७८ मध्ये मात्र ती शाळेतल्या पाटीवरची बेरीज झाली. एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोन्ही काँग्रेस जनता पक्षाला बाहेर ठेवण्यासाठी एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रात उपमुख्यमंत्री हे पद प्रथमच आलं ते तेव्हा. आज एकाऐवजी दोन-दोन उपमुख्यमंत्री पाहायची आपल्याला सवय झाली आहे, पण हे पद जन्माला आलं ते अविश्वासातून. भागीदाराचा माणूस मुख्यमंत्र्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसवायचा, म्हणजे त्याचं लक्ष राहील.

लक्ष राहिलं, जरा जास्तच राहिलं. तिरपुडे मोकळ्या तोंडाचे. सरकारात बसून ते जाहीर सभांतून भागीदार पक्षाच्या नेत्यांवर, विशेषतः यशवंतरावांवर तोफ डागत. वसंतदादा स्वातंत्र्यलढ्यात गोळी खाल्लेले, सांगलीचा साखर कारखाना उभा करणारे, माणसं सांभाळून घेण्यात वाकबगार. पण सांभाळून घ्यायचं तरी किती? रेड्डी काँग्रेसच्या आमदारांची कुचंबणा अशी की ज्या पक्षाविरुद्ध ते मतं मागून आले, त्याच पक्षाच्या उपमुख्यमंत्र्याचे टोमणे ऐकत त्यांना सरकारच्या बाजूने हात वर करायचा होता.

एवढ्याने सरकार पडतं का? मला नाही वाटत. भांडण एकपक्षीय सरकारातही असतं, मंत्र्यांचे गट असतात, एकमेकांच्या फायली अडवणं चालतं. ती सरकारं पाच वर्षं काढतात, कारण रुसून बाहेर पडणाऱ्याला जायला जागा नसते. वसंतदादांच्या सरकारात जागा होती, आणि ती सभागृहातच समोर बसली होती. ९९ आमदारांचा जनता पक्ष सत्तेबाहेर तिष्ठत होता. त्याला ४६ हवे होते. रेड्डी काँग्रेसमधून चाळीसच्या आसपास आणि शेकापचे १३ धरले की आकडा जुळत होता. भांडणाने निमित्त दिलं, सरकार पाडलं ते या तयार असलेल्या दुसऱ्या बेरजेने.

जुलै १९७८. पावसाळी अधिवेशन चालू असताना मंत्रिमंडळातले शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके अशा मंडळींनी राजीनामे दिले आणि त्यांच्यामागे चाळीसेक आमदार बाहेर पडले. वसंतदादांचं सरकार गेलं. १८ जुलैला पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांना अडतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ‘वसंतदादांच्या पाठीत खंजीर खुपसला’ हे वाक्य तेव्हापासून मराठी राजकारणात मुक्कामाला आहे. कुणी कुणाला सोडलं की ते बाहेर निघतं. यशवंतरावांची फूस होती की नव्हती यावरही अजून वाद झडतात. खंजिराची गोष्ट सांगायला रंगतदार आहे, फक्त तिच्यात ९९ हा आकडा कुठे येत नाही.

इथे एक कायद्याची बाब पाहण्यासारखी आहे. १९७८ मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्या कायद्यातही एक खिडकी ठेवली होती. विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि आमदारकी वाचे. ६९ चे एक तृतीयांश म्हणजे २३. पवारांबरोबर त्याहून कितीतरी जास्त होते, म्हणजे तो कायदा तेव्हा असता तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ही खिडकी बंद केली. आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन तृतीयांश लागतात. ६९ पैकी ४६. योगायोग असा की जनता पक्षाला बहुमतासाठी जितके हवे होते, तितकेच. चाळीसेक आमदारांचं ते बंड आजच्या कायद्याच्या कागदावर टिकलं नसतं. कागदावर म्हणतो, कारण २०२२ नंतर महाराष्ट्राने जे पाहिलं त्यावरून कायद्याची अक्षरं आणि विधानसभा अध्यक्षांच्या दालनातला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वांना कळलं आहे.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत आघाड्या टिकत नाहीत, लोकशाही मुरायला वेळ लागतो, असं एक पुस्तकी मत आहे. त्याला नेहमी दोन उदाहरणं देतात. पहिलं पूर्व बंगालचं. पाकिस्तान सात वर्षांचंही झालं नसताना, मार्च १९५४ मध्ये तिथे संयुक्त आघाडीने मुस्लिम लीगला धूळ चारली. मुस्लिमांसाठीच्या २३७ पैकी २२३ जागा आघाडीच्या. ३ एप्रिलला फझलुल हक मुख्यमंत्री झाले आणि ३० मे रोजी कराचीने ते सरकार बरखास्त केलं. दोन महिनेही नाहीत. दुसरं काँगोचं. ३० जून १९६० ला देश बेल्जियमच्या जोखडातून सुटला, त्याच्या सहा दिवस आधी पॅट्रिस लुमुंबांच्या सरकारला संसदेने मान्यता दिली. त्यांच्या पक्षाकडे १३७ पैकी ३३ जागा, बाकी मोळी डझनभर पक्षांची. स्वातंत्र्यानंतर आठवडाभरात सैन्याने बंड केलं, खनिजांनी भरलेला कटांगा प्रांत फुटून निघाला, बेल्जियमचं सैन्य परत उतरलं. ५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष कासावुबूंनी लुमुंबांना बडतर्फ केलं आणि जानेवारी १९६१ मध्ये त्यांचा खून झाला. या दोन्ही ठिकाणी आघाडी आपसांत भांडून मोडली असं म्हणणं म्हणजे चोराऐवजी घरमालकाला दोष देणं. भांडणं होती, पण घाव बाहेरून बसला.

हे ध्यानात ठेवून पवारांच्या सरकारकडे पाहावं. पुरोगामी लोकशाही दल, बोलीत पुलोद. त्यात काँग्रेसमधून फुटलेला गट, जनता पक्ष आणि शेकाप. जनता पक्ष म्हणजे तरी एक पक्ष कुठे होता? त्यात जनसंघाचे, समाजवादी, संघटना काँग्रेसचे असे सगळे. मंत्रिमंडळात महसूल खातं उत्तमराव पाटलांकडे, सहकार एन. डी. पाटलांकडे, गृहखात्याचे राज्यमंत्री भाई वैद्य, शिवाय गणपतराव देशमुख, हशू अडवाणी. संघाच्या शाखेतले आणि लाल बावट्याखाली वाढलेले एका टेबलावर बसले होते.

खान्देशच्या वाचकाला उत्तमराव पाटलांचं नाव परकं नाही. १९५७ साली जनसंघाचे देशभरात जे चार खासदार निवडून आले, त्यांत एक अटलबिहारी वाजपेयी आणि एक धुळ्याचे उत्तमराव. तेव्हा वारं संयुक्त महाराष्ट्र समितीचं होतं आणि जनसंघ कम्युनिस्टांच्या बरोबरीने त्या समितीत होता. म्हणजे आघाडीची सवय या माणसाला वीस वर्षांची. आता त्यांच्याकडे महसूल खातं आलं होतं आणि त्या खात्याच्या कपाटात नंदुरबार-शहाद्याच्या पट्ट्याचा सर्वांत जुना दावा पडून होता. आदिवासींच्या जमिनी सावकार आणि बड्या शेतकऱ्यांच्या घशात कशा गेल्या, यावरून शहाद्यात १९७१-७२ पासून अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटना यांनी रान उठवलं होतं. त्या काळात, १९७४ मध्ये, सरकारने आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेली जमीन त्याखाली परत मागता येत होती. कायदा काँग्रेसच्या राज्यात झाला, पण सुनावण्या, पंचनामे, अपिलं, ताबा हे सगळं मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षं चाललं. मुंबईत कुठलं सरकार आहे यापेक्षा तलाठ्याच्या दप्तरात नाव कुणाचं आहे, हा तिथला खरा प्रश्न होता.

रोजगार हमीचंही तेच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून, म्हणजे पुलोदच्या काळात. कायदा एकाने लिहिला, अंमल दुसऱ्याच्या हातून सुरू झाला. जो प्रौढ अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारने ते पंधरा दिवसांत दिलंच पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता, असा हक्क भारतात दुसरीकडे कुठे कायद्यात नव्हता. दिल्लीला तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं. सातपुड्याच्या पायथ्याशी या कायद्याचं रूप म्हणजे पाझर तलाव, नालाबांध आणि रस्त्याची खडी. सकाळी मुकादम मस्टरवर नावं घेणार, मग टोळी करून चौकड्या खणायच्या. चौकडी म्हणजे मापाचा खड्डा. मधोमध मातीचा एक ठोकळा न खणता तसाच सोडायचा, म्हणजे खोली किती झाली ते मोजणाऱ्याला दिसावं. मजुरी हजेरीवर नाही, मापावर. जमीन मुरमाड की काळी, यावर दर बदलणार. म्हणून भांडण व्हायचं ते मापाच्या दिवशी, टेप धरणाऱ्याशी. मोर्चे निघायचे तेही बहुधा काम द्या आणि माप नीट घ्या यासाठीच. पुलोद पडलं तरी मस्टर चालू राहिलं, हे त्या सरकारच्या श्रेयात धरायचं की कायद्याच्या, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पुलोदची बाकीची कामगिरी थोडक्यात सांगतो. राज्य कर्मचाऱ्यांनी १९७७-७८ च्या हिवाळ्यात ५४ दिवसांचा संप केला होता, त्यांना केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळाला. शपथविधीनंतर नवव्या दिवशी, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला. मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलितांची घरं जाळली गेली, आणि सरकारने अंमलबजावणी थांबवली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते. ठराव करायला नऊ दिवस, पाळायला साडेपंधरा वर्षं. आघाडी सरकारच्या भित्रेपणाचं हे उदाहरण म्हणून देतात. पण मधल्या साडेपंधरा वर्षांत भक्कम बहुमताची सरकारं येऊन गेली, त्यांनाही ते धाडस झालं नाही.

आता नंदुरबारच्या दृष्टीने त्या काळातली सर्वांत मोठी घटना. ती ना विधानसभेत घडली, ना लोकसभेत. १६ ऑगस्ट १९७८ ला, पुलोदला महिनाही झाला नव्हता तेव्हा, न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या नर्मदा पाणीतंटा लवादाने आपला अहवाल दिला. चारही राज्यांनी आणि केंद्राने त्यावर खुलासे मागितले. त्यांची उत्तरं देऊन अंतिम निवाडा झाला तो डिसेंबर १९७९ मध्ये. लवाद नेमला होता १९६९ साली. दहा वर्षांत दिल्लीने इंदिरा गांधी, मोरारजी देसाई आणि चरणसिंग असे तीन पंतप्रधान पाहिले. निवाडा राजपत्रात आला तेव्हा तर दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं.

निवाड्यातलं गणित असं. नर्मदेचं वापरण्याजोगं पाणी २८ दशलक्ष एकरफूट धरलं. त्यातलं मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. धरणाची पूर्ण पातळी ४५५ फूट. त्या पातळीला महाराष्ट्रातली ३३ गावं बुडणार होती, आणि ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. मणिबेलीपासून नर्मदेच्या काठाने वर जाणारी ही गावं. बहुतेकांना पक्का रस्ता नाही. अनेकांची शेती वनखात्याच्या जमिनीवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसूनही सातबाऱ्यावर नाव नाही.

निवाड्याने पुनर्वसनाच्या अटी घातल्या, आणि त्या काळाच्या मानाने त्या चांगल्या होत्या. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, निदान दोन हेक्टर, सिंचनाखालची. सज्ञान मुलगा असेल तर त्याचं वेगळं कुटुंब धरायचं. कोयनेच्या किंवा उकाईच्या विस्थापितांना असलं काही मिळालं नव्हतं. उकाईचं पाणी तर नंदुरबार-नवापूरच्या गावांत याच पिढीच्या डोळ्यांदेखत शिरलं होतं. पण निवाडा जमीन जाणाऱ्याबद्दल बोलत होता, आणि कागदावर ज्याची जमीनच नाही त्याची जाते कशी? या एका फटीतून पुढची वीस-पंचवीस वर्षं मोर्चे, सत्याग्रह आणि कोर्टकज्जे निघाले.

यात आघाडी सरकारचा दोष किती? गंमत म्हणा किंवा दुर्दैव, १९७८-७९ मध्ये गुजरातेत बाबूभाई पटेलांचं, मध्य प्रदेशात वीरेंद्रकुमार सखलेचांचं अशी दोन्हीकडे जनता सरकारं होती, मुंबईत जनता पक्ष भागीदार होता आणि दिल्लीत जुलै १९७९ पर्यंत मोरारजी. चारही ठिकाणी आपली माणसं. तरी नदीच्या वाटणीत पक्षाचा उपयोग झाला नाही, कारण पाण्याचं भांडण राज्याराज्यांचं असतं. मध्य प्रदेशात या निवाड्याविरुद्ध निमाड बचाव आंदोलन पेटलं. महाराष्ट्रात तसा आवाज उठला नाही. ३३ गावांमागे उभा राहील असा कारखान्यांचा, बागायतीचा, मतांच्या गठ्ठ्याचा पट्टा नव्हता. मुंबईत एकाच पक्षाचं पक्कं सरकार असतं तरी चित्र बदललं असतं असं मानायला मला आधार दिसत नाही. निवाड्याचा पाया म्हणून वापरलेला करार, ज्यात महाराष्ट्राने पाव दशलक्ष एकरफुटावर समाधान मानलं, तो १९७४ चा आहे, आणि तेव्हा महाराष्ट्रात काँग्रेसचं निर्विवाद राज्य होतं.

परत मुंबईकडे वळू. जुलै १९७९ मध्ये दिल्लीत जनता पक्ष फुटला. मोरारजींविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला यशवंतराव चव्हाणांनी, आणि चरणसिंगांच्या औटघटकेच्या सरकारात ते उपपंतप्रधानही झाले. ते सरकार लोकसभेला एकदाही सामोरं न जाता २० ऑगस्टला राजीनामा देऊन मोकळं झालं. पुलोदची खरी कसोटी ही होती. दिल्लीत एकमेकांच्या उरावर बसलेले पक्ष मुंबईत एकत्र सरकार चालवत होते. पुलोद तेव्हा कोसळायला हवं होतं, नाही कोसळलं. कारण पुन्हा तेच, दुसरी बेरीज तयार नव्हती. पुलोदमधल्या कुणालाही बाहेर जाऊन जास्त काही मिळणार नव्हतं.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा त्यांच्या, नंदुरबारला पुन्हा सुरूपसिंग नाईक. १७ फेब्रुवारी १९८० ला केंद्राने नऊ राज्यांच्या विधानसभा एका फटक्यात बरखास्त केल्या, त्यांत महाराष्ट्रही होता. पुलोदकडे सभागृहात बहुमत होतं, कुणी पाठिंबा काढला नव्हता, अविश्वास ठराव आला नव्हता. महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली ती प्रथमच. जनता पक्षाने आरडाओरडा केला, पण त्याला फारशी धार नव्हती. एप्रिल १९७७ मध्ये मोरारजी सरकारने हेच केलं होतं, लोकसभेचा कौल विरुद्ध गेला म्हणून नऊ काँग्रेसी राज्य सरकारं घरी पाठवली होती. नऊला नऊ, फिट्टमफाट. कलम ३५६ च्या या वापराला सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात वेसण घातली. बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं, असं ठरलं. पुलोदला ते चौदा वर्षं उशिराने.

पुलोद एकोणीस महिने टिकलं. वसंतदादा-तिरपुडे सरकार सव्वाचार महिने. दोन्हींना आपण ‘अल्पजीवी’ म्हणून एकाच रकान्यात टाकतो. पहिलं आमदारांनी पाडलं, दुसरं गृहमंत्रालयाच्या कागदाने. वसंतदादा पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री झाले. पवार १९८६ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. उत्तमराव पाटील १९८० साली स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाचे राज्यातले पहिले अध्यक्ष झाले.

आणि नंदुरबार? १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून माणिकराव गावित तिथून सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले. काँग्रेसचा हा गड २०१४ पर्यंत उभा राहिला. राज्यात पुन्हा आघाडी आली ती १९९५ मध्ये, शिवसेना-भाजप युतीची, अपक्षांच्या कुबड्यांवर. नंदुरबारमधून अपक्ष निवडून आलेले डॉ. विजयकुमार गावित तिच्यात राज्यमंत्री झाले. एकपक्षीय काळात या भागाकडून मतं गृहीत धरली जात. काठावरच्या बहुमताच्या काळात इथला एक आमदारही मोजावा लागला. १ जुलै १९९८ ला, त्याच युतीच्या राज्यात, धुळ्यातून सहा तालुके काढून नंदुरबार जिल्हा झाला. तोवर मणिबेलीची घरं धरणाच्या पाण्याने गाठली होती आणि नर्मदाकाठची काही कुटुंबं तळोद्याच्या वनजमिनीवर, सोमावलसारख्या वसाहतींत, आणून बसवली होती. त्यांच्या जमिनीचे आणि ‘घोषित-अघोषित’ विस्थापितांचे अर्ज आता धुळ्याऐवजी नंदुरबारच्या कचेरीत जाऊ लागले.